अर्जावरचं दुसरं नाव

नोरीन टेश वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाही. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात तिने तीस वर्षं शाळेच्या खानावळीत मुलांना जेवण वाढलं. हसणं मोठं, आवाज त्याहून मोठा. माझ्या शेजारच्या ग्लेनची बायको आर्डिस फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून दर रविवारी बटाटा-खिम्याचं गरम भांडं घेऊन त्याच्या दारात जात होते मी, आणि नोव्हेंबरात त्याने लग्न केलं ते नोरीनशी. माझा नुसता जळफळाट झाला.

मार्चमध्ये दोघं माझ्याच पुढ्यात येऊन बसली. गावच्या वाचनालयात मी दरवर्षी लोकांचे आयकराचे अर्ज फुकट भरून देते.

"नेहमीसारखाच भर, लव्होन," ग्लेन म्हणाला. "मी आणि आर्डिस, एकत्र. माणूस गेलं त्या वर्षाचा अर्ज जोडीने भरता येतो म्हणे."

नोरीनचं हसू मावळलं. मला आतून गुदगुल्या झाल्या.

"पुन्हा लग्न केलं नसतंस तर आला असता," मी म्हणाले. "एकतीस डिसेंबरला जी बायको, तीच सरकारच्या लेखी बायको. आर्डिसचा आता वेगळाच जाणार."

"एकटीचा?" ग्लेन म्हणाला. "बेचाळीस वर्षं तिचं नाव माझ्या नावाखाली होतं. मग माझाही वेगळाच भर."

"आणि मी कुठे?" नोरीन म्हणाली. "तिचे पडदे, तिच्या बशा, तिची खुर्ची. मेलेल्या बाईशी मी किती भांडू, ग्लेन? एका कागदावर तरी मला तुझ्या शेजारी बसू दे."

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. "बरं काय पडेल?"

उत्तर मला ठाऊक होतं. "दोन्ही चालतं," मी म्हणाले, आणि माझीच मला लाज वाटली. "पण एकत्र भरलात तर तेराशे डॉलर वाचतील."

"नाही वाचले तरी चालेल. वेगळाच भर."

माझा जीव थंड झाला. नोरीनने पिशवीतून एक निळी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. आर्डिसच्या पेन्शनचा कागद, बँकेची पत्रं, मृत्यूचा दाखला, दवाखान्याची बिलं, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं.

"तिचा आधी भर," ती म्हणाली. "ह्याला हे कागद उघडवत नव्हते, म्हणून मी लावले. दवाखान्याचं एक पत्र सापडत नव्हतं, त्यासाठी दोनदा जाऊन आले."

ग्लेनने ती फाइल शेवटच्या कागदापर्यंत चाळली. मी आर्डिसचा अर्ज भरला आणि त्याने तिच्या वतीने सही केली. मग तो म्हणाला, "आमचा एकत्र भर, लव्होन."

नोरीनने सही केली ती रेघेबाहेर जाईल एवढी मोठी. मला तिचा अजूनच राग आला. नऊ महिने मी त्या घरात भांडी पोचवली, आणि आर्डिसचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. ग्लेनने विसरावं म्हणूनच तर जात होते मी.

ती दोघं गेल्यावर मी माझा अर्ज काढला. 'एकटी' ह्या शब्दापुढे खूण केली. पाच मिनिटांत झाला.