आमच्या जिल्ह्याचा आलेख खाली का, ते आज तोंडावर सांगितलं

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंय, म्हणून लिहितेय.

मी गेवराई तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आज शिक्षकांच्या बैठकीत शिक्षणाधिकारी साहेबांनी पडद्यावर परीक्षेच्या निकालाचा आलेख दाखवला. राज्य वर, आपला बीड जिल्हा खाली. "लाज वाटायला पाहिजे," म्हणाले.

मी उभी राहिले. "साहेब, दुष्काळामुळं यंदा निम्मा गाव दिवाळीआधीच साखर कारखान्यांवर ऊसतोडीला चाललाय. पोरं उसाच्या फडात आणि परीक्षा शाळेत. मग तुलना कुणाची करताय?"

"कारणं नकोत, बाई. बसा."

बसले नाही. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर या पोरांना गावातच राहता येईल असं हंगामी वसतिगृह कधी सुरू होणार, ते विचारलं. साहेबांनी पुढचा विषय काढला.

गावात परतले तर शाळेसमोर ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर निघायच्या तयारीत. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर माझी चौथीतली पूजा धाकट्या भावाला घेऊन बसलेली. तिच्या आईला म्हटलं, "हिला ठेव माझ्याकडं."

"बाई, मंग धाकट्याला फडात कोण बघंल?"

"त्यालाबी ठेव. अंगणवाडी हाय की."

मग पदरानं डोळे पुसून तिनं दोन्ही लेकरं खाली उतरवली. "लई जीव हाय त्याचा बहिणीवर. शेजारी-शेजारी झोपवा."

आत्ता दोघं माझ्या घरी जेवतायत.

आमची पोरं कमी नाहीत. त्यांना वर्षभर शाळेत राहू द्या, मग खुशाल तुलना करा. वसतिगृहासाठी उद्या मी पुन्हा साहेबांच्या दारात उभी राहणार आहे. तालुक्यातल्या शिक्षकांनो, कोण कोण येताय?