समोरच्या खुर्चीतून

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी भाजीबाजारात होते. हातातली पिशवी तिथंच कुणाच्या तरी गाड्यावर विसरले आणि रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लॉ कॉलेजच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लागलासुद्धा! 'विद्यार्थ्यांचा आधारवड हरपला.' ज्यांनी त्याला प्रवेशाच्या मुलाखतींतून बाहेर काढलं, त्यांचाच फ्लेक्स. दीड महिना होत आला, माझा राग काही उतरत नाही... आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आम्ही एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलो, वडील वीज केंद्रात होते. आम्हा भावंडांचं भांडण त्यांच्यापर्यंत गेलं की नियम ठरलेला. दोघांनी खुर्च्या बदलायच्या आणि समोरच्याचं गाऱ्हाणं आपण सांगायचं, तेही त्याला पटेल असं. मी दादाची बाजू मुद्दाम वाकडी करून सांगायचे. तो मात्र माझी अशी मांडायचा की मलाच वाटायचं, अगबाई, आपण इतक्या बरोबर होतो? त्यातूनच तो वकील झाला आणि पुढं नाशिकच्या एका खासगी लॉ कॉलेजात शिकवायला लागला.

तिथं प्रवेश परीक्षेच्या जोडीला मुलाखतीचे मार्क धरतात. दादा पॅनेलवर असला की मुलांना म्हणायचा, "घरातलं नाहीतर गावातलं एखादं भांडण सांग." सांगून झालं की स्वतः उठून त्यांना आपल्या खुर्चीत बसवायचा. "आता समोरच्याच्या बाजूनं सांग." बाकीचे परीक्षक तोवर घड्याळ बघत बसायचे.

गेल्या वर्षी पेठकडची मंदा नावाची मुलगी आली. तिच्या घरच्यांचं शेजाऱ्यांशी विहिरीच्या पाण्यावरून भांडण होतं. आपली बाजू तिनं तावातावानं सांगितली. खुर्ची बदलल्यावर शेजाऱ्यांचं सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, त्यांचं पण खरंच हाय ना..." परीक्षक हसले. तिच्यानंतरचा मुलगा फाडफाड इंग्रजी बोलला आणि खुर्ची बदलल्यावर म्हणाला, "सर, देअर इज नो अदर साइड." त्याला भरभरून मार्क! मंदाच्या नावापुढं शेरा पडला, आत्मविश्वास नाही. दादा तिथंच कडाडला, "अहो, ही पोरगी तुमच्यासमोर वकिली करत होती! तुम्ही काय नट निवडताय?" मंदाचा प्रवेश हुकला आणि त्यानंतर दादाला मुलाखतींना बोलावणंच बंद झालं. त्याच्यामुळं वेळ जातो, म्हणे.

मागच्या आठवड्यात त्या कॉलेजचे प्राचार्य दादाच्या घरी आले, तेव्हा मी तिथंच होते. मुलाखतीच्या खोलीला दादाचं नाव द्यायचंय, म्हणाले. मंदानं यंदा पुन्हा अर्ज केलाय हे मला ठाऊक होतं, पुन्हा अर्ज कर म्हणून दादाच तिच्या मागं लागला होता. मी विचारलं, "त्या खोलीत पुन्हा खुर्च्या बदलणार का?"

"मॅडम, आता सगळं फॉरमॅटमध्ये बसवलंय. तेवढा वेळ नसतो हो."

"मग नाव कशाला? जिवंतपणी माणूस नको आणि मेल्यावर पाटी हवी?"

गॅलरीत दादाच्या वेताच्या दोन खुर्च्या समोरासमोर असतात. वहिनीशी बिनसलं तरी तो तिला घेऊन तिथंच बसायचा. मी त्यातली एक दाखवली. "बसा इथं. मंदाची बाजू सांगा. मला पटली तर खुशाल लावा पाटी."

ते बसले. चष्मा पुसला. "हे बघा, प्रोसिजर असते..." एवढं म्हणाले आणि उठलेच. चहा तसाच राहिला.

ते गेल्यावर वहिनी कप उचलत म्हणाली, "ताई, हे असते तर आता तुम्हाला बसवलं असतं." खरं होतं. प्राचार्यांचीही बाजू असणारच. त्यांनी सोडलेल्या खुर्चीत मी बसले, समोर दादाची रिकामी. "आमच्याकडं मुलं फार येतात..." असं सुरू केलं आणि पुढं तोंडात शिवीच आली.

नाही जमत रे, दादा. आणि मंदाला आत घेईपर्यंत मला जमवायचंही नाही.