घाट की घाटी

टीचरनी गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, गाडी राहू दे इथेच. मी एसटीने जाते."

मागून आमचे सर्व्हिस मॅनेजर पाटील सर धावत आले. "अहो, नेत का नाही? गाडी एकदम ओके आहे. आम्ही टेस्ट केलीय."

"तुमच्याकडे ओकेच असते हो. माझ्याकडे आली की बंद पडते."

मी कुडाळच्या एका शोरूममध्ये, सर्व्हिस सेंटरच्या वॉरंटी डेस्कवर बसते. माझं काम सोपं करून सांगते. नव्या गाडीत कंपनीचा दोष निघाला तर दुरुस्ती फुकट. पण तो दोष आधी आमच्या डोळ्यांना दिसायला हवा, मग आम्ही कंपनीला दाखवायचा, मग कंपनी पार्ट देणार. दिसलाच नाही तर आम्ही म्हणतो, 'नो ट्रबल फाउंड'. म्हणजे गाडी बरी आहे, गिऱ्हाईकाला भास होतात. दुसरं वाक्य तोंडाने कोणी म्हणत नाही, पण चेहऱ्यावर बरोबर उमटतं. ते मला भयंकर खटकतं. भास व्हायला माणसं कर्ज काढून गाडी घेतात काय?

टीचर म्हणजे दीपाली मेस्त्री. मालवणजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवतात. बोलणं स्वच्छ, वागणं त्याहून स्वच्छ. त्यांची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच होती. "घाटात चढताना इंजिन बंद पडतं आणि गाडी खाली सरकते."

झालं! घाट म्हटल्यावर वर्कशॉपची पोरं हरखलीच. गाडी काढली आणि आंबोलीला नेली. वर जाऊन भजी खाल्ली, धबधब्याजवळ फोटो काढले, खाली आले. नो ट्रबल फाउंड. टीचर परत आल्या, तर गाडी फोंडाघाटात नेली. तिथेही भजी चांगली मिळतात. नो ट्रबल फाउंड. कॉम्प्युटर लावून बघितलं, पेट्रोल बदललं, प्लग बदलले. शेवटी पाटील सर मला म्हणाले, "सावंत मॅडम, क्लच सोडायचा अंदाज नसेल बाईंना. केस क्लोज करा. पुढच्या महिन्यात वॉरंटीपण संपतेय."

"सर, त्या रोज शाळेत गाडी नेतात. अंदाज नसता तर रोज पडली असती."

"मग काय करू? रोज आंबोलीला जाऊ?"

त्यांचंही चूक नव्हतं. पाटील सर कोल्हापूरचे, बदली होऊन वर्ष झालं होतं. माणूस कामाला चोख. नाही ते दिसलं म्हणून कंपनीला सांगणार नाहीत, एवढंच.

त्या दिवशी मात्र चावी टेबलावर बघून मला राहवलं नाही. टीचरना बसवलं, चहा मागवला. विचारलं, "एवढं काय झालं हो?"

मग खरं कळलं. ही गाडी त्यांनी सासऱ्यांसाठी घेतली होती. आबा मेस्त्री. दशावताराच्या कंपनीत उभी हयात पखवाज वाजवलेला माणूस. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून चढ-उतार बंद, आणि घर टेकाडावर. गाडी आली तेव्हा आबा नवीन सदरा घालून बसले, डॉक्टरकडे जाऊन आले. परत येताना घराखालीच इंजिन बंद पडलं. गाडी घसरत जाऊन गडग्याला लागली. गडगा म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत. तो गडगा नसता तर पलीकडे वहाळ, म्हणजे खोल ओढा. तेव्हापासून टीचर गाडी खालीच ठेवत आणि आबांना त्यांनी पुन्हा गाडीत बसवलं नव्हतं. आणि आता गावच्या देवीची जत्रा येत्या शनिवारी. दहीकाल्याला, म्हणजे जत्रेच्या रात्रीच्या दशावतारी खेळाला, आबांचीच जुनी कंपनी उभी राहणार. मंडळींनी निरोप धाडलेला, खेळाच्या सुरुवातीला गणपती येतो तेवढ्यापुरता तरी पखवाजावर हात आबांचा पडू दे.

"खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं तर?" मी विचारलं.

"ऐकत नाहीत. म्हणतात, 'माणसांच्या खांद्यार एकदाच जातलंय, आणि ता इतक्यात नाय.'"

माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम आलं.

तेवढ्यात टीचरचा फोन वाजला. पलीकडे आबाच असावेत. टीचर तिकडे वळून बोलू लागल्या आणि ऑफिसचं मराठी गळून पडलं. "होय आबा, गाडी हयच ठेवलंय. काय सांगू तुमका? घाटयेर मरता ती, तर हेंका गावनाच नाय! आंबोलेक नेल्यानी म्हणतत, आंबोलेक!"

माझा कप हातातच राहिला.

"टीचर! खंय मरता म्हणालात?"

"घाटयेर."

"घाटात नाय?"

"घाटात मी कित्याक जातलंय? आमच्या घराकडची घाटी गो!"

कोकणाबाहेरच्या माणसाला सांगते. घाट म्हणजे सह्याद्रीतला, मैलोगणती वळणांचा रस्ता. आणि घाटी म्हणजे आमच्या वाडीतला उभा चढ. कधी दगडी पायऱ्यांच्या पाखाडीचा, कधी सिमेंटचा. छातीवर येणारा, अरुंद, शंभर पावलांत संपणारा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक!

"मगे इतके दिवस 'घाट, घाट' कित्याक करीत होतात?" माझा आवाज चढला.

टीचरनी पाटील सरांच्या केबिनकडे हळूच बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "सर कोल्हापूरचे ना? त्यांच्या तोंडार घाटी-घाटी कसा म्हणू? वायट दिसता तां."

देवा रे! आमच्याकडे घाटावरून, म्हणजे सह्याद्रीपलीकडून, आलेल्या माणसाला चेष्टेत घाटी म्हणतात. चेष्टा आमची असते, राग त्यांना येतो. या सज्जन बाईने समोरच्या माणसाचं मन दुखू नये म्हणून एक वेलांटी गाळली, आणि आमची पोरं त्या वेलांटीपायी सह्याद्री पालथा घालून भजी खात सुटली. मी एवढी हसले की बाहेरचा वॉचमन डोकावला. मग तशीच उठून केबिनमध्ये घुसले.

"सर, सापडलं! प्रॉब्लेम घाट नाहीय. घाटी आहे!"

पाटील सरांनी मान वर केली. चेहरा कडक. "कोण घाटी?"

समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः येतो. बघू तुमची घाटी."

सकाळी आम्ही तिघं निघालो. पाटील सर, मी आणि आमचा मेकॅनिक बाबल. टीचर शाळेतून रजा घेऊन खाली वाट बघत उभ्या. मान वर करून घाटी बघितली आणि मीच चरकले. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला माडांची रांग, वर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसलेले आबा. काठी हातात, राजासारखे.

सरांनी पहिला गिअर टाकला. गाडी सरसर चढली. खाली आली, पुन्हा चढली. काही नाही! एकदाही आचका दिला नाही.  सरांनी काच खाली केली. "मॅडम, नो ट्रबल फाउंड."

वरून आबांचा आवाज आला. "अगो दीपाली, हो मनीस असो कित्याक चढता?"

"असो म्हणजे?" मी ओरडून विचारलं.

"सुलटो!"

टीचर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, इथे कोणीच पुढून चढवत नाही. वर खळ्यात गाडी वळवायला जागा कुठाय? खालीच उलटी करायची आणि रिव्हर्समध्ये वर न्यायची. अख्खी वाडी तशीच चढवते."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं?" टीचर खरोखरच गोंधळल्या. "घरी सगळे तसेच जातात."

सरांनी गाडी उलटी केली. रिव्हर्स टाकला. मी बाजूला बसले, हट्टाने. गाडी पाठी-पाठी चढू लागली. एक माड गेला, दुसरा गेला, तिसऱ्यापाशी इंजिन गप्पकन बंद! डॅशबोर्डवर दिवे लागले आणि गाडी नाकासमोर खाली सरकायला लागली. सरांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं की ब्रेकला त्याची मदत मिळत नाही, एकदोनदा दाबल्यावर पेडल धोंड्यासारखं होतं. तसंच झालं. गाडी तिरकी होत गेली, गडगा पुढ्यात येऊ लागला. सरांनी "आई गं!" म्हणत हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी कचकन थांबली, गडग्यापासून वीतभर अंतरावर.

 सरांच्या कपाळावरून घाम निथळत होता. आणि मला, खोटं कशाला बोलू, नाचावंसं वाटत होतं.

"दिसलं!" मी ओरडले. "सर, दिसलं!"

"दिसलं," सर म्हणाले. मग धावत आलेल्या टीचरकडे वळून बघितलं. "मॅडम, सॉरी. मनापासून सॉरी."

वरून आबांनी काठी दोनदा खळ्यावर आपटली.

पुढचं काम बाबलचं. गाडी वर्कशॉपला टोचन करून आणली. बॉनेट उघडलं, एकाला आत बसवलं. ब्रेक घट्ट दाबून रिव्हर्समध्ये क्लच अर्धा सोडायला लावला. इंजिन रबरी पायांवर बसवलेलं असतं, जोर आला की थोडं कलतं. पुढे जाताना एका बाजूला, मागे जाताना दुसऱ्या बाजूला. बाबलने टॉर्च मारला आणि शीळ घातली. "सर, ह्या बगा!" फॅक्टरीत वायरिंगची एक जुडी ब्रॅकेटच्या चुकीच्या बाजूने नेली होती, म्हणून ती आखूड पडत होती. इंजिन मागे कललं की जुडी ताणली जायची, आणि इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरची तार क्षणभर सुटायची. कॉम्प्युटरला वाटायचं, इंजिन थांबलं. तो पेट्रोल बंद करायचा. सपाटीवर रिव्हर्सला एवढा जोर लागतच नाही, आणि आंबोलीचा घाट कोण उलटा चढतो?

मी फोटो, व्हिडिओ सगळं कंपनीला पाठवलं. कंपनीच्या साहेबांचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"अहो, एवढ्याशासाठी पूर्ण वायरिंग? जुडी सैल करा, प्लॅस्टिकचा टाय मारा, डिलिव्हरी द्या."

माझं डोकं फिरलं. "सर, आतल्या तारा तुटत आल्यात. बाहेरून बांधून काय होणार? त्या गाडीत म्हातारा माणूस बसणार आहे!"

"मॅडम, इमोशनल होऊ नका."

मी तोंड उघडणार, तोच पाटील सरांनी फोन स्वतःकडे ओढला. "साहेब, त्या गाडीत काल मी बसलो होतो. टाय मारलेली गाडी माझ्या गेटातून बाहेर जाणार नाही. पाहिजे तर तुम्ही या. मी घाटी दाखवतो, स्टिअरिंगवर तुम्ही बसा."

 साहेब म्हणाले, "अप्रूव्ह करतो. पण पार्ट यायला आठवडा लागेल."

"आठवडा नाही. शनिवारी जत्रा आहे," सर म्हणाले, जणू जत्रा त्यांच्याच गावची.

सरांनी फोन फिरवले, तेव्हा पार्ट कोल्हापूरच्या डेपोत निघाला. सर पहाटे स्वतःची गाडी काढून घाट चढून गेले आणि मांडीवर ठेवलेल्या बाळासारखी ती वायरिंग घेऊन आले. बाबलने जेवण सोडून बसवली. मग सरांनी गाडी थेट वाडीत नेली आणि त्या घाटीवर पाठी-पाठी चढवायचा सपाटाच लावला. वर-खाली, वर-खाली. वाडीतली माणसं गडग्यावर बसून बघत होती. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "रे बाबा, पुरे! पेट्रोल संपात!" तरी गडी थांबेना. इंजिनाने एकदाही दगा दिला नाही.

शनिवारी संध्याकाळी टीचरनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. आबा इस्त्रीचं धोतर नेसून तयार. पखवाज मागच्या सीटवर, आबा पुढे. टीचरनी इंजिन चालू केलं. पाटील सर दार धरून उभे होते, लग्नघरातल्या मामासारखे.

आबांनी त्यांच्याकडे नीट वर-खाली बघितलं. "तुमीच काय ते कोल्हापूरचे?"

"होय आबा."

"बरा झाला." आबांनी काठी गाडीत घेतली. "माझी एक घाटी चढूक शेवटी एक घाटीच लागलो!"

टीचर पांढऱ्याफटक पडल्या. "आबाऽऽ!" मी जीभ चावली.  सर मात्र असे खदखदून हसले की माडावरचे कावळे उडाले. गाडी घाटी उतरून देवळाकडे वळली. थोड्या वेळाने आम्ही चालत खाली पोचलो, तेव्हा देवळापुढच्या मांडावरून, खेळाच्या जागेवरून, पखवाजाची पहिली थाप आली. कडक, भरदार. सर म्हणाले, "पहिल्याच तक्रारीला यायला हवं होतं इथे," आणि पावलं उचलली.

यातून शिकायचं ते एवढंच. गाडीचं दुखणं ऑफिसच्या भाषेत विचारायचं नाही. माणूस घरी ज्या भाषेत त्या गाडीला शिव्या घालतो, त्या भाषेत विचारायचं. आमच्या वर्कशॉपची भजी बंद झाली. आता चढावर गाडी बंद पडते म्हणून कोणी आलं की पाटील सर स्वतः केबिनमधून बाहेर येतात आणि मोठ्याने विचारतात, "घाट की घाटी? बिनधास्त सांगा, मला राग येत नाही."