सीलबंद डब्याचा सौदा

देवणीच्या बैलबाजारात वीरभद्रप्पांनी चाळीस वर्षं दलाली केली. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची आणि चारचौघांत आकडा न उच्चारता सौदा जमवायचा, हे त्यांचं कसब. मग गुडघे गेले, ते लातूरला मुलीकडे राहायला आले, आणि तेव्हापासून त्यांना कुणी मेथीच्या जुडीचाही भाव विचारला नव्हता. हे त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त दुखे.

म्हणून नात अक्षरा एका व्हिडिओ गेमची खास आवृत्ती विकत घ्यायला नांदेडला निघाली, तेव्हा ते तिच्याआधी पटका बांधून तयार. साधा गेम तीन हजारांचा. दयानंद नावाचा तिथला एक बँक अधिकारी खास आवृत्तीच्या सीलबंद डब्याचे नऊ मागत होता. वरच्या सहा हजारांत काय येतं, असं वीरभद्रप्पांनी विचारलं. एक नकाशा, एक छोटा पुतळा आणि एक कोड, ती म्हणाली. कोड टाकला की गेममधल्या घोड्याला सोन्याचं चिलखत डाउनलोड होतं.

"म्हणजे झुलीचे पैसे येगळे," वीरभद्रप्पा म्हणाले. "असू दे. सौदा मी करणार."

दयानंदच्या दिवाणखान्यात त्यांनी त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि एक बोट म्हणजे एक हजार, हे समजावलं. दयानंद लाजत बोटं दाबू लागला. गाडी आठावर अडली. तेव्हा वीरभद्रप्पांनी सवयीनं डबा मांडीवर घेतला आणि नखानं वरचं प्लास्टिक टर्रकन फाडलं.

"अज्जा, ते उघडायचं नसतं," अक्षरा म्हणाली, पण उशीर झाला होता.

दयानंदनं फाटलेलं प्लास्टिक उचलून पुन्हा डब्यावर बसवून पाहिलं. डबा त्यानं दोन वर्षं कपाटात जपला होता; खेळायला साधा गेम वेगळा घेतला होता. सील गेलं की किंमत गेली.

"दात बघितल्याबिगर जनावर घेतंय का कुणी?"

अक्षरानं आतलं कार्ड वाचलं. कोडाची मुदत मागच्या दिवाळीतच संपली होती.

"बघा मालक. आत मेलेलंच होतं."

"डबा बंद होता तोवर मेलं नव्हतं," दयानंद रडवेला होऊन म्हणाला. "घेणाऱ्यानंही उघडला नसता."

मानेवर कधी जू न पडलेले, नुसते प्रदर्शनाचे बैल वीरभद्रप्पांनीही विकले होते. पण ते निदान वैरण तरी खात. तरीही हा सौदा फिसकटला तर आपल्याला पुन्हा कुणी विचारणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी रुमाल पुन्हा टाकला. बराच वेळ झटापट झाली. शेवटी दयानंदनं पाच बोटं दिली आणि वर एक अर्धं मुडपून दाबलं. अर्ध्या बोटाचं, म्हणजे पाचशेचं, त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वीरभद्रप्पांनी खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

दारात दयानंद म्हणाला की त्याच्या मित्राकडे असे आणखी दोन डबे आहेत, पुढच्या रविवारी याल का? फक्त उघडायचे नाहीत.

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागं पडलं तरी म्हातारबुवा खिडकीबाहेरच बघत होते. मग त्यांनी अक्षराला दयानंदला फोन लावायला सांगितलं.

"येतो म्हणावं. उघडणार न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "पण हलवून बघीन."