दुर्बीणवाल्या मॅडम

बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात भाजी घ्यायला गळ्यात दुर्बीण घालून जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी, घासाघीस अगदी रंगात आलेली, आणि मध्येच मॅडमची मान वर! जुन्या कमानीच्या एखाद्या भोकात काहीतरी हललेलं असायचं. भाजीवाली वैतागून म्हणायची, "अहो दुर्बीणवाल्या मॅडम, भाव इकडे खाली आहे, वर काय बघता?" मॅडम दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणायच्या, "थांब गं, वर कुणीतरी बसलंय." मग भाजीवालीही वर बघायची, तिचं गिऱ्हाईक वर बघायचं, रिक्षावाला रिक्षा थांबवून "क्या है, क्या है" करत मान उंचवायचा, आणि मागे हॉर्नचा गलका सुरू व्हायचा. मी शेजारी पिशव्या धरून उभी. लाज वाटायची आणि हसूही आवरायचं नाही.

या बाई आमच्या साहेब होत्या बरं का! रानपिंगळा वाचवण्याच्या कामावर बुऱ्हाणपुरात आम्ही जे जीवशास्त्रज्ञ होतो, त्यांच्या वरच्या. रानपिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. जगाने त्याला संपला म्हणून सोडून दिलं होतं आणि तो इथे सातपुड्यात सागाच्या फांदीवर दिवसाढवळ्या बसून सरडे खात होता. मी इतवाऱ्यातल्या कापडवाल्याची मुलगी. नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "उल्लू बघायला एम.एस्सी. केलीस का गं?" आईने तर घुबडाचं नाव घरात काढायला बंदीच केली. माझ्या जोडीला विनोद होता, तापीकाठच्या केळीवाल्यांचा. त्याच्या घरीही आनंदच होता.

मॅडमच्या राज्यात एक शब्द चालायचा नाही. 'वाटतं.' पहिल्याच आठवड्यात मी धावत, धापा टाकत त्यांच्याकडे गेले. "मॅडम, रानपिंगळा वाटतोय!"

"वाटायचं ते घरी. डोक्यावर ठिपके होते?"

"ठिपके... म्हणजे... नव्हते वाटतं."

"परत वाटतं! जा, डोकं बघून ये. आणि पळू नकोस. आपण पळालो की रान घाबरतं."

परत गेले. डोक्यावर ठिपकेच ठिपके! गावात विजेच्या खांबावर बसतो तोच साधा पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साफ असतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं हो, पण आनंदाच्या भरात माणसाला ठिपके दिसतात कुठे?

रोज संध्याकाळी राजघाटाजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत कचेरी भरायची. मी काय पाहिलं ते मी सांगायचं आणि विनोदने वकिलासारखं खोदून विचारायचं. मग त्याची पाळी, आणि मी वकील. मॅडम मध्ये बसून शेंगा सोलायच्या. टेप केलेला प्रत्येक आवाज त्या स्वतः ऐकायच्या, त्याशिवाय कुठलीही बातमी खोलीबाहेर जात नसे. नुसता पक्षी दिसला तर चहा. घरटं सापडलं तर मावा जलेबी, तीही त्यांच्या खिशातून. जलेबीसाठी विनोद जीव टाकायचा.

आणि त्या वर्षी जलेबीपेक्षा फार मोठं काहीतरी पणाला लागलं. आमच्या भागातला सागाचा एक आख्खा उतार होळीनंतर तोडीला निघणार होता. झाडांवर ठप्पे मारून झाले होते. वनखात्यातले साहेब माणूस बरे होते. त्यांनी सरळ सांगितलं, "मैडम, जोड़ी दिखाइए, मैं रोक दूँगा. नहीं तो मेरे हाथ में कुछ नहीं है." मॅडमने तो उतार बारा महिने पायाखाली घातला होता. तिथे रानपिंगळा असणारच, असं त्यांचं मन सांगत होतं. पण मनाचं चालत नव्हतं ना!

आम्ही शोध घ्यायचो तो असा. रानपिंगळ्याचा टेप केलेला आवाज छोट्या स्पीकरवर थोडा वेळ वाजवायचा आणि गप्प उभं राहायचं. आपल्या हद्दीत कोण आलं म्हणून खरा पक्षी उत्तर देतो. दोन जणांनी कधीही एका वेळी वाजवायचं नाही, हा पक्का नियम. त्या सकाळी टेकडीच्या अलीकडे मी आणि पलीकडे विनोद. त्याची गाडी वाटेत पंक्चर झाली, तो उशिरा पोचला, आणि नेमका माझ्या वेळेला त्याने स्पीकर लावला. मी वाजवला, पलीकडून उत्तर! अगं बाई! परत वाजवला, परत उत्तर! मी घाईघाईने ते उत्तर टेप केलं. तिकडे विनोद म्हणे आनंदाने झाडाला मिठी मारून उभा होता, कारण त्यालाही उत्तर मिळत होतं.

दुपारी दोघांनी एकाच दमात मॅडमना सांगितलं. दोन बाजूंनी दोन आवाज म्हणजे जोडी! आणि मॅडम, ज्या आवाज ऐकल्याशिवाय चहासुद्धा पाजत नसत, त्यांनी त्या दिवशी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. "साहेब, आहे! जोडी आहे!" साहेबांनी तसं वर कळवलंही. संध्याकाळी मावा जलेबी आली. जलेबी खात खात मॅडमने माझा टेप लावला, आणि त्यांचा हात तोंडाशी थांबला.

"पोरांनो," त्या हळूच म्हणाल्या, "हा पिंगळा ओरडून झाल्यावर बसचा हॉर्न कसा काय वाजवतो?"

आमच्या दोघांच्या स्पीकरवर होता तो आवाज मॅडमनेच पूर्वी खंडव्याच्या रस्त्याकडेला टेप केलेला. शेवटी लांबून एक बस जाते. आम्ही सकाळभर एकमेकांना बोलवत होतो! विनोदला आधी हसू फुटलं, मग मला, मग मॅडमनाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि मग एकदम तिघांनाही तो उतार आठवला. जलेबी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः साहेबांच्या कचेरीत गेल्या. मी बरोबर होते. "साहेब, काल सांगितलं ते मागे घेते. टेप ऐकायच्या आधी मी बोलले. चूक माझी, पोरांची नाही." साहेबांनी समोरची फाईल मिटली. "मैडम, अब तो कटाई होगी." तिकडे आमच्या मोठ्या ऑफिसातही बोभाटा झाला. मॅडमनी सीझन संपायच्या आत बुऱ्हाणपूर सोडावं, दुसऱ्या राज्यात दुसरं काम बघावं, असा हुकूम आला. मला इतका संताप आला! खोटं रेटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "मला कळलं असतं की. चल, पाण्याची बाटली भर."

स्पीकर कपाटात गेले. आता कुणाला बोलवायचं नाही, नुसतं बसायचं. सागाची पानं झडलेली, ऊन डोक्यावर, अंगावर माश्या. बसलो. होळी जवळ येत चालली आणि मॅडमची बॅग निम्मी भरून झाली.

एक दिवस माझ्या समोरच्या जुन्या झाडावर तो येऊन बसला. मी श्वासच घेतला नाही. ढोलीत शिरला, बाहेर आला, उडून गेला. मग मी निघाले. पळाले नाही, शप्पथ! मॅडमपाशी जाऊन एकेक शब्द मोजून सांगितला. "मॅडम, पाहिलं. डोकं साफ. तोंडात सरडा होता. ढोलीत गेला. बाहेर आला तेव्हा तोंडात सरडा नव्हता."

मॅडम उठल्या आणि पळत सुटल्या! होय, त्याच मॅडम! ओढणी काटेरी झुडपात अडकली ती तशीच सोडून. मी मागून "मॅडम, हळू, रान घाबरेल" म्हणतेय आणि त्या ऐकायला तयार नाहीत. झाडाच्या बऱ्याच अलीकडे मात्र थांबल्या, पालथ्या झोपल्या आणि उन्हं कलेपर्यंत दुर्बीण खाली ठेवली नाही. मादी दिसली. दोन पिल्लांची तोंडं दिसली. आणि ढोलीच्या खाली, बुंध्यावर, तोडीचा ठप्पा होता.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. रेंजरने कुरकुर केली तेव्हा त्याला म्हणाले, "जो अपनी ग़लती बताने ख़ुद चली आई थी, वो आज झूठ नहीं बोलेगी." मॅडमने टेलिस्कोप त्यांच्यापुढे केला. साहेबांनी डोळा लावला आणि पोरासारखे ओरडणार तेवढ्यात स्वतःच तोंडावर हात ठेवला. "अरे, ये तो मुझे ही घूर रहा है!" जाताना उतार सोडायला लावतो म्हणाले.

म्हणाले खरे, पण हुकूम खालपर्यंत पोचतो की नाही, कुणास ठाऊक. मोठ्या ऑफिसाने मॅडमच्या जाण्याचा हुकूमही मागे घेतला नव्हता, आणि तोडीचा दिवस आणि मॅडमच्या गाडीचा दिवस एकच निघाला. संध्याकाळची गाडी. सामान खोलीत बांधून ठेवून मॅडम सकाळीच मला घेऊन उतारावर आल्या. आम्ही झाडापासून लांब झुडपामागे बसलो. मजूर आले. कुऱ्हाडी, करवती, मुकादम पुढे. ते आमच्या झाडापाशी आले. मुकादम थांबला. ठप्प्याकडे बघितलं, वर ढोलीकडे बघितलं. मॅडमने माझा हात धरला. मग मुकादमाने ठप्प्यावर चुन्याची फुली मारली आणि हात पुढे केला. "ये नहीं. ये पूरी ढलान नहीं. आगे चलो." सगळी माणसं एकामागून एक टेकडीपलीकडे गेली.

मला रडूच फुटलं. उतार वाचला म्हणून, आणि उद्यापासून मॅडम नाहीत म्हणून. मॅडमचे डोळेही वाहत होते. त्यांनी माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि कानाशी म्हणाल्या, "रड गं पोरी. पण हळू. वर पिल्लं आहेत."