बाबांचा गिझर

मी नववीच्या मुलांना वीज शिकवते. वॅट म्हणजे काय, युनिट कशाला म्हणायचं, हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट झालं, हे मी गेली अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्यामुळे त्या महिन्याचं बिल हातात पडलं तेव्हा मला बिलापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. उरणमधलं माझं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. दोन पंखे, एक बुटका फ्रिज, एक टीव्ही आणि न्हाणीत गिझर. एवढ्याशा संसाराला कधी शंभर युनिटसुद्धा लागले नव्हते आणि आता बिलावर तीनशेच्या वरचा आकडा होता. शंभरानंतर दरही चढतो, म्हणजे रक्कम तिपटीवर थांबलेली नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडा तोच होता.

बाबा खिडकीशी बसून लसूण सोलत होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, बिलवाल्यांनी घोळ घातलाय. त्यांना खरं काही सांगायचं नाही हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

त्याला कारण होतं. आई गेल्यापासून बाबा दिवेआगरच्या वाडीत एकटे राहत होते. श्रावणात विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरले आणि शेजारचा माणूस नारळ मागायला येईपर्यंत तसेच पडून राहिले. मोडलं काही नाही, पण मी धसका घेतला. गणपती विसर्जन झाल्यावर त्यांना इकडे घेऊन आले. इकडे म्हणजे कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दिसतं काय, तर बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांची रांग. सुपारीच्या बागेत जन्म काढलेला माणूस त्या रांगेकडे बघत दिवसभर बसायचा. जेवण चिमणीएवढं. आणि दर रविवारी एकच वाक्य, "पुढच्या आठवड्यात जातो."

मी दर रविवारी त्यांना काहीतरी कारण सांगून अडवत होते. कधी डॉक्टरांची तारीख, कधी माझी परीक्षेची कामं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. ते परत गेले आणि परत पडले तर मला फोन येईल, एवढाच विचार डोक्यात असायचा.

दिवाळीनंतर मात्र काहीतरी बदललं. बाबा रोज दाढी करायला लागले. भाकरी दुसऱ्यांदा मागून घ्यायला लागले. संध्याकाळी मी वह्या तपासत असताना काहीतरी गुणगुणायचे. आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की पुढच्या आठवड्याचं वाक्य आलंच नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी मनात म्हटलं, माझ्या हातचं वालाचं बिरडं लागू पडलं. शाळेत मैत्रिणींना तसं सांगितलंही.

अशा माणसासमोर फुगलेलं बिल कोण ठेवेल? त्यांनी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली असती.

म्हणून मी गुपचूप शोध सुरू केला. आधी जिन्याखाली जाऊन मीटरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. बरोबर. रीडिंगही बरोबर. मग मला वाटलं, कुणीतरी आपली वायर घेतलीय. समोरच्या भाडेकरूंवर माझा पहिला संशय गेला. नवरा कंटेनरचा ट्रक चालवणारा, आठ-आठ दिवस बाहेर. बायको वीस-बावीस वर्षांची, नुकतीच बाळंत झालेली. गरिबांवर संशय घेताना आपल्याला पुरावा लागत नाही, हे मी त्या दिवशी स्वतःवरून शिकले. रविवारी मी घरातला मेन स्विच बंद केला आणि खाली जाऊन मीटरचा लाल ठिपका बघत उभी राहिले. वीज जात असेल तर तो लुकलुकतो. तो एकदाही लुकलुकला नाही. चोरी नव्हती.

मग एकेक वस्तू लावून बघितली. फ्रिज गुणी निघाला, पंखे तर साधुसंतच. गिझर लावल्यावर ठिपका धावायला लागला, पण गिझर आम्ही किती लावणार? दोघांच्या आंघोळीपुरता, फार तर अर्धा तास. मी कागदावर गणित मांडलं, दोनदा तपासलं आणि तीनशेला पोचायला मला कुठूनच वाट सापडेना. बाबा म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी बी गणितं?" मी हो म्हटलं.

शेवटी वीज कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने बिल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दिवसा घरात कोण असतं?" मी म्हटलं, वडील. पण ते टीव्हीसुद्धा लावत नाहीत, आणि रविवारी मीटर मी स्वतः बघितलाय. तो म्हणाला, "मॅडम, मीटर रविवारी नका बघू. तुम्ही नसता तेव्हा बघा."

मंगळवारी मी मधल्या सुट्टीत रजा टाकून दहाच्या सुमारास घरी आले. वर न जाता आधी जिन्याखाली वाकले. माझ्या मीटरचा ठिपका थांबायलाच तयार नव्हता. मी तीन जिने दमादमाने चढले. आमचं दार सताड उघडं, समोरचंही उघडं, आणि मधल्या जागेतून बाबा चालले होते. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात वाफाळती बादली. समोरच्या घरात मालिशवाली पाटावर पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर तेलाने चकाकणारं बाळ होतं. न्हाणीच्या दाराशी अजून दोन बादल्या भरून ठेवलेल्या. एक बाळंतिणीची, एक बाळाच्या दुपट्यांची.

मला तेव्हा काय झालं, मी आजही नीट सांगू शकत नाही. तीन आठवड्यांचा शोध, तो रविवार, कार्यालयातली रांग, सगळं एकदम तोंडाशी आलं. त्या बाळंतीण मुलीच्या देखत मी म्हणाले, "बाबा, ही तुमची वाडी नाही. इथे पाणी तापवायलासुद्धा पैसे पडतात."

बाबा थांबले नाहीत. बादली आधी आत पोचवली, मालिशवालीला म्हणाले, कोपर घालून बघ, जास्त कढत हाय. मग परत आले आणि दुमडलेला लेंगा खाली सोडला. ती मुलगी रडवेली झाली होती. तिच्याकडून मला कळलं ते असं. तिला आई नाही, सासू मिठागराच्या कामावर. भाड्याच्या घरात गिझर नाही. टाके ओले असताना ती गॅसवरून मोठं पातेलं उचलत होती, ते बाबांनी उघड्या दारातून पाहिलं. तेव्हापासून रोज, मी शाळेत गेले की.

"मला का नाही सांगितलंत?" मी बाबांना घरात आल्यावर विचारलं.

"पाणी दिलं त्यात सांगायचं काय, बाय?"

त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. आमच्या वाडीतल्या न्हाणीत तांब्याचा बंब पहाटेपासून पेटलेला असायचा. नारळावरून सोललेली सोडणं, झावळ्या, करवंट्या, जळण म्हणजे वाडीतला कचरा. ज्याने कढत पाणी उपसलं त्याने तेवढंच गार ओतायचं आणि एक सोडण आत सारायचं, एवढाच नियम. आसपास कुणी बाळंतीण असली की तिच्या बादल्या आमच्याच न्हाणीतून जायच्या. त्याची कुणी वाच्यता करत नसे.

पण एवढ्या बादल्या धरूनही माझं गणित जमत नव्हतं. मी विचारलं, गिझर किती वेळ लावता? बाबा म्हणाले, तू गेल्यावर लावतो, तू यायच्या आधी बंद करतो. मधे बंद करत नाही. का, तर "विझवून परत पेटवायला जास्त लागतं. निखारा राखला की भागतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सहा-सात तास तो गिझर निखाऱ्यासारखा राखला जात होता. बाळंतिणीच्या पाण्यावर धुणं, धुण्यावर भांडी, आणि तरी पाणी तापतंच आहे तर जिना झाडणाऱ्या बाईंनाही हात धुवायला एक बादली. मी त्यांना समजावलं की इथे निखारा नसतो, बंद करून पुन्हा लावलेलंच स्वस्त पडतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग बिल मागितलं आणि चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी त्यांनी काही गुणगुणलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा ते पिशवी घेऊन दाराशी उभे होते. वाडीवर जाऊन येतो म्हणाले. मी थांबा म्हटलं, रजा काढते म्हटलं, काल चुकलं माझं असंही म्हटलं. "तुझं कुठं चुकलं?" एवढंच म्हणून ते जिना उतरले. कठडा धरून, एकेक पायरी.

ते दोन दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. फोन लावला तर लागत नव्हता, वाडीत रेंज म्हणजे विहिरीजवळच. विहिरीजवळ म्हणजे शेवाळाजवळ. पहिल्या दिवशी मी शाळेतून आल्यावर गिझर लावला आणि त्या मुलीचं दार वाजवून एक बादली पुढे केली. ती म्हणाली, "ताई, र्‍हाऊ द्या, बिल येल तुमाला." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी म्हटलं, येऊ दे. बाळाला तिने माझ्या हातात दिलं. त्याला बाबांच्या तेलाचा वास येत होता, वाडीच्या नारळाचं तेल. बिरड्याबद्दलची माझी सगळी फुशारकी तिथे संपली. बाबांना इथे कशाने धरून ठेवलं होतं ते मला कळलं होतं, आणि नेमकं तेच मी तोडून बसले होते.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खालून कुणीतरी हाक मारली. मी खिडकीतून पाहिलं. रिक्षाच्या मागच्या सीटवर बंब बसला होता आणि बाबा त्याच्या शेजारी अंग चोरून. पायाशी सोडणांचं पोतं. दिवेआगरहून उरणपर्यंत एसटी बदलत बदलत त्यांनी तो आणला होता. कंडक्टरने बंबाचं तिकीट फाडलं, ते त्यांनी मला अगदी रागाने दाखवलं. पिशवीत त्यांचे कपडे नव्हतेच. ती करवंट्यांनी भरलेली होती. मी जिन्यातच रडायला लागले तर म्हणाले, "आधी धर. जड हाय."

इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ शेवग्याचं झाड आहे, त्याच्या आडोशाला बंब उभा राहिला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी धुराबद्दल कुरकुर केली, पण थंडीत दोन बादल्या घेतल्यावर त्यांची कुरकुर थांबली. सोडणं संपत आली तेव्हा समोरच्या मुलीचा नवरा कंटेनर यार्डातल्या मोडक्या फळ्या ट्रकमधून टाकून गेला. बाबा सकाळी पाचला खाली जातात. मी सहाला माझी बादली घेऊन जाते, कढत पाणी उपसते, तेवढंच गार ओतते, एक फळी आत सारते. ते बघत असतात. माझा गिझर आता पाहुणाच झाला आहे.

मधलं एक बिल आधीच्या दिवसांमुळे फुगलेलंच आलं, पण त्याच्या पुढचं शंभराच्या आत आलं. मी ते बाबांना दाखवलंसुद्धा नाही. मला वेगळीच धास्ती होती. बाळ आता तीन महिन्यांचं झालं होतं, मालिशवाली यायची बंद झाली होती, ती मुलगी जड उचलायला मोकळी झाली होती. रविवार आला. बाबा लसूण सोलत खिडकीशी बसले होते. ते काहीतरी बोलणार हे मला दिसत होतं, आणि मी डॉक्टरांची कोणती तारीख सांगावी याचा विचार करत होते.

"दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला सातवा लागलाय," बाबा म्हणाले. "तुझ्या शाळेच्या वाटेवर कुठं करवंट्या मिळतात का, बघून ठेव."