एका शीटवर दोन झाडं

मुनिरकातल्या माझ्या खोलीला खिडकी नव्हती आणि पीएचडी होती उंच डोंगरांवर धुक्यात वाढणाऱ्या झुडपांवर. दिल्लीत ती भेटायची वाळून, जाड शीटवर चिकटवलेली.

माझे गाइड पुण्याचे. तरुणपणी त्यांनी एकाच शीटवरून या झुडपांचा नवा जीनस मांडला होता. जीनस म्हणजे झाडांचं आडनाव समजा. शीटवर दोन फांद्या, एक फुलांची, एक फळांची. असं फूल आणि असं फळ एकत्र कुठंच सापडत नाही, म्हणून नवं आडनाव. ‘कुठंच सापडत नाही’ हेच मला खटकत होतं.

वाळकं फूल कापायला गेलं की भुगा होतो, आधी उकळावं लागतं. परवानगी काढून शीटवरच्या पाकिटातलं एक सुटं फूल मी उकळलं. पुढं जिथं फळ धरतं तो भाग ब्लेडनं आडवा कापला. आत दोन कप्पे. शेजारच्या फळात पाच. या झुडपांत पिकताना कप्पे वाढत नाहीत. म्हणजे डोंगरावर कुणीतरी दोन वेगळ्या झाडांच्या फांद्या एकाच वर्तमानपत्रात दाबल्या होत्या आणि सरांनी त्यांचं लग्न लावून दिलं होतं. दोन्ही झाडं आपापल्या जुन्या घराण्यातलीच होती.

सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "काम बिल्कुल पक्कं आहे गं. पण हा चॅप्टर काढून टाक, उद्याच थिसिसवर सही करतो. मी रिटायर झालो की छाप."

"सर, फूल तेव्हाही दोनच कप्प्यांचं असेल ना?"

"अच्छा? मग सहीला दुसरं कुणीतरी शोध."

संताप आला, रडूही आलं. फोनवर आई म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" म्हटलं, मुनिरकात पाणी येतंच कुठं.

आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांत झाडाचं नाव लिहिलेली जुनी चिठ्ठी शीटवरून कधी काढत नाहीत. पटत नसेल तर खाली आपली चिकटवायची, नाव आणि तारखेसह. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं, सरांसमोर, त्यांच्याच टेबलावरचा गोंद उचलून.

सही दुसऱ्या गाइडनी केली, दीड वर्ष उशिरा. सरांची चिठ्ठी अजून तिथंच आहे, खाली माझी. पाकिटात तीन फुलं उरली आहेत. ज्याला मला खोटं ठरवायचं असेल त्यानं एक उकळून बघावं.